उसना आवाज

'वारिस' १९८८ साली लागला. आम्हांला चंदीगडला येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. घरमालकीण बीजी आणि त्यांची सून यांच्याबरोबर मी दुपारच्या खेळाला गेले. रवींद्र पीपट यांचा हा चित्रपट पंजाबातल्या एका जमीनदार घराण्याचा आहे. पारो तरुणपणीच विधवा होते. जमीन भाऊबंदांच्या घशात जाऊ नये म्हणून वारस हवा, आणि तो मिळावा म्हणून ती स्वतःच्या धाकट्या बहिणीचं लग्न म्हाताऱ्या सासऱ्याशी लावून देते. पारोचं काम स्मिता पाटीलचं. ती १३ डिसेंबर १९८६ ला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेली होती, म्हणजे पडद्यावर आम्ही बघत होतो ती दीड-दोन वर्षांपूर्वी वारलेली बाई. ते मला माहीत होतं, त्यासाठी रुमाल घेऊनच गेले होते. माहीत नव्हतं ते वेगळंच. पारोनं तोंड उघडलं आणि मी बीजींच्या कानाशी म्हटलं, "हा तिचा आवाज नाही."

"मर गई विचारी, होर की करदे?" बीजी म्हणाल्या. मेली बिचारी, मग दुसरं काय करणार! त्यांचं बरोबरच होतं. आवाज रेखाचा होता. मैत्रिणीच्या अपुऱ्या राहिलेल्या कामाला दिलेला आवाज, त्यात आक्षेप घेण्यासारखं काही नव्हतं. पण मी पुढचे अडीच तास चित्रपट पाहिलाच नाही, ओठ पाहिले.

त्या दुपारी मी एवढी का अस्वस्थ झाले याचं उत्तर द्यायचं तर स्मिताच्या चित्रपटांच्याही मागे जावं लागतं. माझ्या दृष्टीनं ती आधी नटी नव्हतीच. ती मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी मुलगी होती. तिच्याविषयीच्या जवळजवळ प्रत्येक लेखात या काळाला एक परिच्छेद मिळतो, बहुतेक वेळा गमतीचा. मग श्याम बेनेगल येतात आणि खरी गोष्ट सुरू होते. मला वाटतं, हे उलटं लावून पाहायला हवं.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. दिल्लीनंतरचं देशातलं दुसरं केंद्र. पुढच्याच वर्षी श्रीनगर आणि अमृतसर आली. (बीजींचं माहेर अमृतसरचं. त्यांच्या घरच्या गच्चीवरचा अँटेना मात्र लाहोरकडे तोंड करून असे, असं त्या हसत सांगत. नाटकं लाहोरची चांगली, बातम्या कुणाच्याही नाहीत, हे त्यांचं मत.) आमच्या दादरच्या चाळीत पहिला संच दुसऱ्या मजल्यावर आला. आम्ही पोरं जमिनीवर, मोठी माणसं खाटेवर आणि दारात. आम्हांला हवं असे 'छायागीत' किंवा 'गजरा'. बातम्या म्हणजे त्याआधी भरायची पट्टी. अशा वेळी जी मुलगी पडद्यावर येई तिच्याकडे आम्ही अधीरपणानं बघत असू, ही कधी संपवते म्हणून. आणि तरी ती लक्षात राहिली.

काय लक्षात राहिलं? इथे मी जपून बोलते. पन्नास वर्षांपूर्वीची आठवण आहे, आणि मधल्या काळात मी तिचे चित्रपट इतक्यांदा पाहिले आहेत की 'भूमिका'तला एखादा कटाक्ष मी वृत्तनिवेदिकेच्या चेहऱ्यावर नेऊन बसवला असण्याची शक्यता आहे. पडताळून पाहायला काही नाही. बातमीपत्र थेट जाई. टेप महाग असे आणि पुसून पुन्हा वापरली जाई. ज्या रात्री ते काम झालं त्याच रात्री ते संपलं. आपल्याकडे नाट्यसमीक्षेची रड आहे की प्रयोग उरत नाही, पण नाटकाची निदान संहिता उरते, छायाचित्रं उरतात, कुणीतरी परीक्षण लिहिलेलं असतं. बातमी वाचण्यावर कुणी परीक्षण लिहिलं आहे?

तरी एक गोष्ट मी आठवणीच्या भरवशावर सांगते, कारण ती मला चित्रपट पाहण्याच्या आधीपासून आठवते. ती वाक्याच्या शेवटी थांबत असे. श्वास घेण्यासाठी सगळेच थांबतात, तसं नव्हे. तेव्हा टेलिप्रॉम्प्टर नव्हता. समोर कागद, अर्धं वाक्य कागदात बघून उचलायचं आणि उरलेलं कॅमेऱ्याकडे बघून सोडायचं. बहुतेक निवेदक क्रियापद टाकता टाकताच मान खाली घालत, कारण पुढचं वाक्य वाट बघत असे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे सगळी बातमी त्या शेवटच्या शब्दावर टांगलेली असते: ठार झाले की जखमी झाले, मंजूर झालं की फेटाळलं. ही मुलगी क्रियापद आपल्याकडे बघून पुरं करी आणि मग क्षणभर तशीच राही. मग मान खाली. माझी आजी ऐकायला कमी होती, ती म्हणे, हिचं मला कळतं.

स्मिता पुण्यात जन्मली, १७ ऑक्टोबर १९५५ ला. घर खानदेशातलं, शिरपूरकडचं. वडील शिवाजीराव पाटील स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे मंत्री, आई विद्याताई समाजकार्यात, लहानपण राष्ट्र सेवा दलात. सेवा दलाच्या कलापथकात ज्यांनी काम केलं आहे त्यांना ठाऊक असतं की तिथे माइक असेलच याची खात्री नसते आणि समोरचा माणूस दिवसभर राबून आलेला असतो. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा, पण ओरडायचं नाही. वृत्तनिवेदनाचं खरं शिक्षण तिला तिथे मिळालं असावं, असा माझा तर्क आहे.

ती दूरदर्शनवर कशी आली याची गोष्ट अशी सांगितली जाते की छायाचित्रकार दीपक किरपेकर यांनी काढलेले तिचे फोटो केंद्राचे संचालक पी. व्ही. कृष्णमूर्ती यांच्या नजरेस पडले. दीपक यांच्या पत्नी ज्योत्स्ना किरपेकर तिथे आधीपासून बातम्या देत होत्या. वय अठराच्या आसपास. आणि मग ती प्रसिद्ध गोष्ट: बातम्यांची वेळ झाली की जीन्सवरच साडी गुंडाळायची, टेबलाखालचं कोण बघतंय! ही गोष्ट मी इतक्या ठिकाणी वाचली आहे की तिचा मला आता कंटाळा येतो. गोष्ट खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. पण सांगणारे ती अशा सुरात सांगतात, जणू टेबलाखालची स्मिता खरी आणि टेबलावरची सरकारी. बंडखोर मुलगी, नाइलाजानं साडीत. मला यात तिच्या कामाचा अपमान दिसतो. बातम्या सांगणारी साडीतली मुलगी तितकीच खरी होती. शिवाय ती गव्हाळ-सावळी, ठसठशीत नाकाडोळ्यांची मुलगी रोज संध्याकाळी घराघरांत येते, 'गोरी पाहिजे' असं छापणाऱ्या वर्तमानपत्रांच्याच घरांत, आणि लोक तिचं ऐकून घेतात, हे जीन्सपेक्षा मोठं बंड होतं. रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आलं. काळ्यापांढऱ्या पडद्यानं तिला कधी गोरं करून दाखवलं नाही.

पुढचं सर्वश्रुत आहे, म्हणून भराभर सांगते. अरुण खोपकरांचा पदविका चित्रपट 'तीव्र मध्यम' १९७४ चा. मग बेनेगल यांचे 'चरणदास चोर', 'निशांत', 'मंथन', 'भूमिका'. 'भूमिका'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा ती बावीस-तेवीस वर्षांची होती. 'चक्र'ला दुसरा. १९८५ ला पद्मश्री.

थांबायचं ते 'भूमिका'पाशी. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेल्या या चित्रपटात उषा ही नटी आहे, त्यामुळे स्मिताला दोन आवाज सांभाळावे लागतात. चित्रपटातल्या चित्रपटात उषा त्या काळच्या पद्धतीनं बोलते, सूर लावून, डोळे फिरवून. सेटवरून घरी आली की तोच गळा खाली उतरतो. समीक्षकांनी या दुहेरीपणाचं श्रेय दिग्दर्शनाला आणि पटकथेला दिलं, ते योग्यच. पण जिला एकविसाव्या वर्षी हे इतकं सहज जमलं, ती त्याआधी काय करत होती? रोज संध्याकाळी दुसऱ्यानं लिहिलेली, बहुधा इंग्रजीतून घाईनं मराठीत आणलेली वाक्यं, स्वतःची नसलेली, आणि कधी न पटणारी, ती तोंडात घेत होती. ती आपलीच आहेत असं भासवायचं नाही, आणि आपला त्यांच्याशी काही संबंध नाही असंही दाखवायचं नाही. या मधल्या जागेत उभं राहण्याची सवय नाटकात लागत नाही, कारण नाटकात पात्राआड दडायची सोय असते.

'उंबरठा'तली सुलभा महाजनही मला तिथूनच आलेली दिसते. सुधारगृहाची अधीक्षक म्हणून ती जेव्हा समितीतल्या प्रतिष्ठितांना उत्तरं देते तेव्हा आवाज चढवत नाही. वस्तुस्थिती सांगते आणि बघत राहते. जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांनी तिच्या हाती काय दिलं ते दिलंच, पण ते बघत राहणं माझ्या ओळखीचं होतं.

आता माझी गोष्ट, थोडक्यात, कारण तिच्यामुळेच या विषयावर माझं मत झालं आहे. बी.ए. झाल्यावर मी एका केंद्रावर वृत्तनिवेदनाची चाचणी दिली. (वृत्तनिवेदक हा शब्द मला आवडतो. निवेदन म्हणजे सांगणं, आणि विनंतीसुद्धा. अँकर म्हणजे नांगर, तो टाकला की जहाज हलत नाही.) कागदावर एका रेल्वे अपघाताची बातमी होती. मी वाचली. पलीकडच्या गृहस्थांनी काच वाजवून मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "आवाज छान आहे. पण बातमीत तुम्ही दिसता." निवड झाली नाही. हे वाक्य मी वर्षानुवर्षं बरोबर घेऊन फिरले. निवेदकानं दिसू नये, काच असावं, पलीकडची बातमी दिसावी. आधी मला ते पटलं. मग वाटलं, स्मिता तर दिसत होती! तिच्यामुळे बातमी झाकली जात नव्हती इतकंच. त्या गृहस्थांचं निदान चुकलं नव्हतं. अपघातात मेलेल्यांचा आकडा वाचताना मी गळा भरून आणला होता. ऐकणाऱ्यानं जे वाटून घ्यायचं ते मीच आधी वाटून घेतलं होतं.

लग्नानंतर नवऱ्याच्या बदलीबरोबर १९८६ च्या उन्हाळ्यात चंदीगडला आले. आधी पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची राजधानी असलेलं आणि दोघांपैकी कुणाचंच नसलेलं हे गाव मला परक्या माणसाला सोयीचं वाटलं. माझ्या हिंदीला सगळे हसत. पण पंजाबी बोलण्यात 'ळ' आहे, हिंदीत नाही, त्यामुळे भाजीवाल्याशी माझं लवकर जमलं. त्याच डिसेंबरात, बीजींच्या खोलीतल्या संचावर, स्मिता गेल्याची बातमी ऐकली. जिनं बातम्या सांगितल्या तिची बातमी दुसरं कुणी सांगत होतं. मुलगा जन्मून पंधरा दिवस झाले होते. निवेदिकेनं ती ठरलेल्या सुरात वाचली आणि क्रियापद टाकता टाकता मान खाली घातली.

या शहरानंच मला हेही शिकवलं की बातमी कोणत्या शब्दांत वाचायची हा केवळ शैलीचा प्रश्न नसतो. १९९० च्या अखेरीस अतिरेकी गटांच्या पंथक समितीनं वृत्तपत्रांसाठी आणि आकाशवाणी-दूरदर्शनसाठी आचारसंहिता काढली. आम्हांला काय म्हणायचं, कोणते शब्द वापरायचे नाहीत, प्रसारण कोणत्या भाषेत करायचं. त्याच डिसेंबरात आकाशवाणीच्या चंदीगड केंद्राचे संचालक आर. के. तालिब यांची गोळ्या घालून हत्या झाली. दूरदर्शनच्या श्रीनगर केंद्राचे संचालक लस्सा कौल यांना त्याच वर्षी फेब्रुवारीत मारलं होतं. तालिब गेले त्या आठवड्यात मी रेडिओवरची प्रादेशिक बातमीपत्रं मुद्दाम ऐकली. मला वाचणाऱ्यांची नावं आठवत नाहीत, आवाज आठवतो. सपाट होता. एरवी मी त्याला निर्जीव म्हटलं असतं. त्या आठवड्यात तो सपाटपणा टिकवायला काय लागत असेल, याचा विचार करत मी गॅस बंद करायला विसरले आणि डाळ लागली. सरकारी बातमीपत्र म्हणजे पोपटपंची, हे मी आणीबाणीनंतरच्या माझ्या पिढीसारखंच मानत आले होते, आणि पुष्कळ अंशी ते खरंही होतं. पण उसने शब्द बोलणाऱ्या माणसाचा जीव उसना नसतो.

आपल्या समीक्षेनं मात्र या कामाकडे कधी नीट पाहिलं नाही. भक्ती बर्वे यांनीही दूरदर्शनवर बातम्या दिल्या. त्यांच्यावर लिहिणारे 'ती फुलराणी'पाशी येतात आणि तिथेच राहतात. प्रदीप भिडे यांनी तर हयात त्याच खुर्चीत घालवली. त्यांच्याबाबतीत पुढे सांगायला 'फुलराणी' नव्हती की 'भूमिका' नव्हती, बातम्याच होत्या. ७ जून २०२२ ला ते गेले तेव्हा मी मिळतील तेवढे मृत्युलेख वाचले. सगळ्यांत 'भारदस्त आवाज' होता. भारदस्त म्हणजे काय? ते जोडाक्षर कसं उच्चारत, मृत्यूच्या बातमीनंतर क्रिकेटच्या बातमीकडे कसे वळत, परदेशी नावांशी कसे वागत, यावर एक ओळ नाही. गायकाचा सूर कुठे लागतो यावर आपण वाद घालतो, आणि ज्या आवाजानं महाराष्ट्राला एवढी वर्षं निवडणुका, भूकंप आणि निधनं सांगितली त्याला एक विशेषण देऊन मोकळे होतो. अभ्यासाला साधन नाही हे कारण भिडे यांच्यापुरतं तरी चालणार नाही.

इथल्या स्थानिक वाहिन्यांवर आज मुलं-मुली दोन-दोन तास उभ्यानं बोलतात, तीन भाषांत. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे, मी ठेवतेही. पण माझ्या एका माजी विद्यार्थिनीनं, जी हे काम करते, मला सांगितलं की कानातला आवाज सतत म्हणत असतो, थांबू नकोस, थांबलीस तर बघणारा चॅनल बदलेल. मग मी तिला नावं ठेवणं बंद केलं.

गेल्या महिन्यात 'वारिस' पुन्हा पाहिला, घरी, एकटीनं. १९८८ साली रागावून ओठ पाहिले होते तेव्हा एक गोष्ट सुटली होती. दुसऱ्याच्या चेहऱ्याला आवाज द्यायचा तर ओठ हलतील तेव्हाच बोलावं लागतं आणि ओठ मिटतील तिथे गप्प राहावं लागतं. रेखाचा आवाज तिचा स्वतःचा आहे, थोडा पडद्याआडचा, खर्जातला, कमावलेला. स्मितापेक्षा फार वेगळ्या जातीचा. पण कुठे थांबायचं हे ती ठरवू शकत नव्हती. ते चित्रीकरणाच्या वेळीच ठरून गेलं होतं.

एका प्रसंगी पारो बोलणं संपवते आणि समोरच्या माणसाकडे बघत राहते. मी रिमोट घेऊन आवाज बंद केला आणि ते दृश्य मागे नेऊन पुन्हा लावलं. मग पुन्हा एकदा. आतून नवऱ्यानं विचारलं, टीव्ही बिघडला का? मी म्हटलं, नाही, बघतेय.